विश्लेषण : नकाशाची फाइल एका संगणकात उघडते, दुसऱ्यात का नाही? पुनर्विकासातील रहिवाशांचा त्याच्याशी काय संबंध?

गिरगावातली चाळ असो, दादरची जुनी सोसायटी असो किंवा परळ-लालबागमधली उपकरप्राप्त इमारत. पुनर्विकास ठरला की सर्वांत आधी हातात येतो तो नकाशा. हा नकाशा आता कागदावर नव्हे, तर संगणकाच्या फाइलमध्ये तयार होतो. मोजणी करणारा सर्व्हेअर, वास्तुविशारद, संरचना अभियंता, प्लंबिंग आणि विजेचे सल्लागार, अग्निसुरक्षेचे सल्लागार, ठेकेदार आणि शेवटी महापालिका अशी आठ-दहा ठिकाणी ती फाइल फिरते. प्रत्येक कार्यालयातले सॉफ्टवेअर वेगळे, त्याची आवृत्ती वेगळी. मग कुठे फाइल उघडतच नाही, कुठे उघडते पण भिंत गायब असते, कुठे मराठीतल्या टिपांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. ही केवळ ड्राफ्ट्समनची डोकेदुखी नाही. त्याच फाइलवरून खोलीचे क्षेत्रफळ ठरते आणि त्याच क्षेत्रफळावर रहिवाशाचा हक्क ठरतो. हा गोंधळ कशामुळे होतो आणि तो कसा टाळता येतो, याविषयी…

डीडब्ल्यूजी म्हणजे नेमके काय?

बांधकाम क्षेत्रात नकाशाची फाइल म्हटली की ती बहुधा ‘डीडब्ल्यूजी’ असते. फाइलच्या नावाच्या शेवटी येणारी ही तीन अक्षरे. अमेरिकेतील ऑटोडेस्क कंपनीने १९८२मध्ये ‘ऑटोकॅड’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले आणि डीडब्ल्यूजी हा त्याचा मूळ फॉर्मॅट. तोवर ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि रोट्रिंग पेन घेऊन ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढले जात. त्याच्या अमोनिया प्रिंट निघत आणि तीच प्रत सर्वांना मिळे.

डीडब्ल्यूजी फाइल म्हणजे नकाशाचे चित्र नव्हे. फोटोमध्ये रंगांचे ठिपके साठवलेले असतात. डीडब्ल्यूजीमध्ये वस्तूंची माहिती साठवलेली असते. ही रेषा अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत, ती ‘भिंत’ नावाच्या थरावर म्हणजे लेयरवर, तिची जाडी इतकी, हे दाराचे चिन्ह अमुक ठिकाणी, हा मजकूर अमुक फाँटमध्ये. सॉफ्टवेअर ही माहिती वाचते आणि दर वेळी नकाशा नव्याने पडद्यावर उभा करते. म्हणून ती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या नोंदींची भाषा समजावी लागते. भाषा बदलली की वाचणारा अडतो. सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

आवृत्ती बदलली की अडते कुठे?

ऑटोकॅडची नवी आवृत्ती दर वर्षी येते. पण फाइलचा फॉर्मॅट दर वर्षी बदलत नाही. २०००, २००४, २००७, २०१०, २०१३ आणि २०१८ असे फॉर्मॅटचे टप्पे आहेत. म्हणजे २०१३ ते २०१७ या पाच आवृत्त्या २०१३चा एकच फॉर्मॅट वापरतात. २०१८पासून २०२६पर्यंतच्या आवृत्त्या २०१८चा फॉर्मॅट वापरतात. त्यामुळे ‘आमच्याकडे २०२४ आहे, त्यांच्याकडे २०२१ आहे, म्हणून फाइल उघडत नाही’ असे कोणी सांगितले तर कारण दुसरीकडे शोधावे. पण एका कार्यालयात २०१६ आणि दुसऱ्यात २०१९ असेल, तर अडचण नक्की येणार.

नियम साधा आहे. नवे सॉफ्टवेअर जुनी फाइल उघडते; जुने सॉफ्टवेअर नवी फाइल उघडत नाही. जुने सॉफ्टवेअर लिहिले गेले तेव्हा नवा फॉर्मॅट अस्तित्वातच नव्हता, मग ते तो वाचणार कसे? अशा वेळी पडद्यावर ‘ही ड्रॉइंग फाइल वैध नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. तो वाचून अनेकांना वाटते की फाइल खराब झाली. मग पुन्हा मेल पाठवा, पेन ड्राइव्ह बदला, पुन्हा डाउनलोड करा, असा वेळ जातो. फाइल धडधाकट असते. ती फक्त नव्या फॉर्मॅटची असते.

फाइल कोणत्या फॉर्मॅटची आहे, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. विंडोजमधल्या ‘नोटपॅड’मध्ये ती उघडायची. पडद्यावर अगम्य चिन्हांचा खच दिसतो; पण अगदी पहिली सहा अक्षरे वाचता येतात. तिथे ‘एसी१०१५’ असेल तर २०००चा फॉर्मॅट, ‘१०१८’ म्हणजे २००४, ‘१०२१’ म्हणजे २००७, ‘१०२४’ म्हणजे २०१०, ‘१०२७’ म्हणजे २०१३ आणि ‘१०३२’ म्हणजे २०१८. पाहून झाले की फाइल सेव्ह न करता बंद करायची. फाइलचे नाव किंवा त्यातील वर्ष बदलल्याने फॉर्मॅट बदलत नाही.

मग सगळे जण नवे सॉफ्टवेअर का घेत नाहीत?

मुख्य कारण पैसा. पूर्वी ऑटोकॅडचा परवाना एकदा विकत घेतला की तो कायमचा असे. २०१६पासून ऑटोडेस्कने नवे कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले आणि वर्गणी भरून सॉफ्टवेअर वापरण्याची पद्धत आणली. दोन-तीन ड्राफ्ट्समन असलेल्या छोट्या कार्यालयाला दर वर्षीची ही वर्गणी जड जाते. ज्यांनी आधी कायमचा परवाना घेतला, ते जुन्याच आवृत्तीवर काम करत राहतात. त्यात गैर काहीच नाही. दोन मितींतले नकाशे काढायला जुनी आवृत्तीही पुरते.

दुसरे कारण म्हणजे पर्यायी सॉफ्टवेअर. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, ड्राफ्टसाइट अशी अनेक सॉफ्टवेअर डीडब्ल्यूजी फाइल उघडतात आणि लिहितात. डीडब्ल्यूजीची रचना ऑटोडेस्कने खुली केलेली नाही. त्यामुळे १९९८मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून ‘ओपन डीडब्ल्यूजी अलायन्स’ स्थापन केली आणि फाइलचा अभ्यास करून तिची रचना उलगडली. हीच संस्था पुढे ‘ओपन डिझाइन अलायन्स’ झाली. २००६मध्ये ऑटोडेस्कने तिच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. पुढच्या वर्षी प्रकरण तडजोडीने मिटले. या पर्यायांमुळे छोट्या कार्यालयांचा खर्च वाचला. मात्र एका फाइलचे वाचन दोन वेगळ्या सॉफ्टवेअरकडून होऊ लागले, आणि दोघांचे वाचन प्रत्येक बारकाव्यात जुळतेच असे नाही.

फाइल उघडली म्हणजे प्रश्न मिटला का?

नाही. उघडत नसलेली फाइल ही खरे तर बरी; निदान अडचण आहे हे लगेच कळते. खरा धोका उघडणाऱ्या, पण आतून बदललेल्या फाइलचा असतो. तिच्यावर कोणी शंका घेत नाही आणि काम पुढे सरकते.

पहिला घोळ बाहेरून जोडलेल्या फाइलींचा. मोठ्या नकाशात सर्व काही एका फाइलमध्ये नसते. भूखंडाची मोजणी एका फाइलमध्ये, खांब दुसऱ्या फाइलमध्ये आणि मुख्य नकाशात त्या फक्त जोडलेल्या, असे असते. याला ‘एक्सरेफ’ म्हणतात. मुख्य फाइल तेवढी व्हॉट्सॲपवर पाठवली तर जोडलेल्या फाइली मागेच राहतात. समोरच्याला भिंती दिसतात, खांब दिसत नाहीत.

दुसरा घोळ ‘प्रॉक्सी’चा. ऑटोकॅड आर्किटेक्चर किंवा सिव्हिल थ्रीडी यांसारख्या खास सॉफ्टवेअरमध्ये भिंत ही साधी रेषा नसते. ती उंची आणि जाडी असलेली स्वतंत्र वस्तू असते. साध्या ऑटोकॅडला किंवा पर्यायी सॉफ्टवेअरला ती वस्तू ओळखता आली नाही, तर तिच्या जागी तिची प्रतिकृती दिसते. ती पाहता येते, बदलता येत नाही. कधी कधी फक्त एक रिकामी चौकट दिसते, तर कधी काहीच दिसत नाही.

तिसरा घोळ जुन्या फॉर्मॅटमध्ये उतरवण्याचा. मोजमापाप्रमाणे आपोआप लहान-मोठा होणारा मजकूर ऑटोकॅड २००८पासून आला. आकार बदलू शकणारी ‘डायनॅमिक ब्लॉक’ २००६पासून आली. त्याहून जुन्या आवृत्तीत ही सोय नाही. फाइल जुन्या फॉर्मॅटमध्ये सेव्ह केली, तिथे कोणी बदल केला आणि ती परत नव्या आवृत्तीत आली, तर दाराचे हुशार चिन्ह साध्या रेषांचा गठ्ठा होऊन येऊ शकते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की मूळ नकाशा आणि हातातला नकाशा यांत फरक पडतो.

मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे का होतात?

चाळीचे नाव, रहिवाशांची नावे, सोसायटीच्या सभेत वाटायच्या प्रतीवरील टिपा मराठीत असतात. २००७च्या फॉर्मॅटपासून डीडब्ल्यूजीमध्ये मजकूर युनिकोडमध्ये साठवला जातो. त्याआधी तसे नव्हते. त्या काळी शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये मराठी टाइप केले जाई. या फाँटमध्ये फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. फाँट फक्त त्यांना मराठी रूप देतो. तो फाँट ज्या संगणकात नाही, तिथे ‘तळमजला’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

युनिकोडमध्ये लिहिले तरी एक पथ्य आहेच. ऑटोकॅडमध्ये दोन प्रकारचे फाँट चालतात. त्यातले ‘एसएचएक्स’ हे ऑटोकॅडचे खास जुने फाँट. त्यांत सहसा देवनागरी नसते. मराठी मजकुराला असा फाँट लावला की प्रश्नचिन्हे येतात. मंगल किंवा निर्मला यांसारखे विंडोजमधले देवनागरी फाँट वापरले तर अक्षरे दिसतात. आणि फाँट नसला की सॉफ्टवेअर दुसरा फाँट लावते. त्याची रुंदी वेगळी असल्याने आकडे एकमेकांवर चढतात, खोल्यांची मापे वाचता येत नाहीत. छापील प्रतीत हे होऊ नये म्हणून फाँटसुद्धा फाइलसोबत द्यावे लागतात.

फूट आणि मीटर यांचा घोळ कितपत गंभीर?

मुंबईत घराचे क्षेत्रफळ लोक चौरस फुटांत बोलतात. महापालिकेचा नकाशा मीटरमध्ये असतो. ठेकेदार मिलिमीटरमध्ये काम करतो. जुन्या चाळीचा नकाशा फूट-इंचांत असतो. डीडब्ल्यूजी फाइलमध्ये लांबीचा फक्त आकडा असतो. तो आकडा इंच समजायचा की मिलिमीटर, याची नोंद फाइलमध्ये वेगळी करावी लागते. ती नोंद नसेल तर एक फाइल दुसरीत जोडताना सॉफ्टवेअर स्वतःच्या समजुतीने प्रमाण लावते. १२ फुटांची भिंत म्हणजे १४४ इंच. ती १४४ मिलिमीटर समजली गेली तर खोली वीतभराची होते. ही चूक डोळ्यांना लगेच दिसते.

न दिसणारी चूक वेगळी. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. घाईत कोणी ०.३ने गुणले तर? उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी असलेल्या विकास नियंत्रण नियम ३३(७)मध्ये रहिवाशाला निवासासाठी किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राची तरतूद आहे. ३०० चौरस फूट म्हणजे २७.८७ चौरस मीटर. ०.३ने हिशेब केला तर ते २७ चौरस मीटरच भरते. फरक ०.८७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे नऊ चौरस फूट. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. छोट्या घरात तेवढ्यात एक कपाट आणि त्यापुढची उभे राहण्याची जागा बसते.

आणखी एक गोष्ट. नकाशावर लिहिलेले माप दोन प्रकारे येते. एक, सॉफ्टवेअरने रेषा मोजून दिलेले. दुसरे, कोणीतरी हाताने टाइप केलेले. रूपांतराच्या फेऱ्यांमध्ये मोजून दिलेली मापे तुटून साधा मजकूर झाली, तर पुढे भिंत सरकवली तरी आकडा तोच राहतो. नकाशावर १० फूट लिहिलेले आणि रेषा मात्र साडेनऊ फुटांची, असे प्रकार यातून घडतात.

महापालिकेच्या परवानगीत फाइलची भूमिका काय?

मुंबई महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात नकाशे तपासण्यासाठी ‘ऑटोडीसीआर’ ही संगणकीय पद्धत वापरात आली. पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनीअर्स कंपनीने ती विकसित केली आहे. तिच्यात सॉफ्टवेअर थेट डीडब्ल्यूजी फाइल वाचते. भूखंडाची हद्द, इमारतीची बाह्यरेषा, जिने, लिफ्ट, मोकळी जागा हे सर्व ठरावीक नावांच्या लेयरवर आणि पूर्ण बंद असलेल्या रेषांनी दाखवावे लागते. त्यावरून चटई क्षेत्र निर्देशांक, मोकळे अंतर यांचा हिशेब होतो.

माणूस नकाशा पाहतो तेव्हा रेषेतली केसाएवढी फट त्याच्या लक्षातही येत नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र ती बंद आकृती नसते आणि तिचे क्षेत्रफळ मोजले जात नाही. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली, लेयरचे नाव बदलले, बंद आकृतीचे सुटे तुकडे झाले, की तपासणीचा अहवाल चुकतो आणि प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत येतो. म्हणून परवानगीसाठीची फाइल कोणत्या फॉर्मॅटमध्ये आणि कोणत्या लेयरनावांनी द्यायची, हे त्या वेळच्या सूचनेत पाहूनच काम सुरू करावे. शेवटच्या दिवशी फॉर्मॅट बदलणे महागात पडते.

जुन्या मुंबईत हा प्रश्न मोठा का?

कारण इथल्या इमारती सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी जुन्या आहेत आणि प्रकल्प लांबतात. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९६९मध्ये १९,६४२ होती. त्यांतल्या १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या इमारती ‘अ’ गटात मोडतात. अशा इमारतींचे मूळ नकाशे मिळाले तर कागदावर, तेही अनेकदा फाटके. त्यामुळे प्रत्येक खोली नव्याने मोजून संगणकावर नकाशा काढावा लागतो. भाडेकरूंच्या प्रमाणित यादीत जे क्षेत्रफळ येते, त्याचा पाया ही मोजणी असते.

प्रकल्पाचा कालावधी बीडीडी चाळींवरून समजतो. १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ आहेत. तिथली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात मिळणारे घर ५०० चौरस फुटांचे. प्रकल्पाचे भूमिपूजन एप्रिल २०१७मध्ये झाले आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. एवढ्या काळात ऑटोकॅडच्या २०१९ ते २०२६ अशा आठ आवृत्त्या येऊन गेल्या. मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे ‘डीसीपीआर २०३४’, १ सप्टेंबर २०१८पासून लागू झाली. छोट्या प्रकल्पांतही वास्तुविशारद बदलतो, विकासक बदलतो, काम थांबते आणि पुन्हा सुरू होते. प्रत्येक वेळी जुनी फाइल कोणीतरी नवा माणूस उघडतो. त्याला ती पूर्ण आणि खरी मिळाली पाहिजे.

कार्यालयांनी काय करावे?

पहिले काम फाइल काढण्याआधीचे आहे. प्रकल्पातल्या सर्वांकडे कोणते सॉफ्टवेअर आहे, याची यादी करून देवाणघेवाणीचा एक फॉर्मॅट लेखी ठरवावा. सर्वांत जुनी आवृत्ती ज्याच्याकडे असेल, त्याला उघडता येईल असा तो असावा. एखाद्याकडे ऑटोकॅड २०१४ असेल तर सर्वांनी २०१३च्या फॉर्मॅटमध्ये फाइल पाठवावी. ऑटोकॅडच्या सेटिंगमध्ये ‘नेहमी याच फॉर्मॅटमध्ये सेव्ह करा’ अशी सोय आहे; ती वापरली तर दर वेळी आठवण ठेवावी लागत नाही. त्यासोबतच एकक, लेयरची नावे आणि फाँटही ठरवून घ्यावेत.

दुसरे, मूळ फाइल एकाच्याच ताब्यात असावी. इतरांना प्रत द्यावी. त्यांचे बदल परत आले की ते मूळ फाइलमध्ये तपासून घ्यावेत. परत आलेली फाइलच मूळ मानू नये. असे केले तर रूपांतराच्या फेऱ्यांत झालेली पडझड मूळ नकाशात शिरत नाही.

तिसरे, पाठवण्यापूर्वी फाइल साफ करावी. ‘ऑडिट’ या आज्ञेने चुका तपासल्या जातात, ‘पर्ज’ने निरुपयोगी नोंदी निघतात. ‘ईट्रान्समिट’ने मुख्य फाइल, जोडलेल्या फाइली, फाँट आणि छपाईची सेटिंग एकत्र बांधून एका झिप फाइलमध्ये पाठवता येतात, फॉर्मॅटही तिथेच निवडता येतो. खास सॉफ्टवेअरमध्ये काढलेला नकाशा असेल, तर साध्या ऑटोकॅडला समजेल अशी वेगळी प्रत काढून पाठवावी.

समोरच्याकडे जुने सॉफ्टवेअर असले तरी नवे विकत घेण्याची गरज नाही. ऑटोडेस्कचे ‘डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू’ मोफत आहे. त्यात फाइल पाहता येते आणि जुन्या फॉर्मॅटमध्ये बदलताही येते. ओपन डिझाइन अलायन्सचे मोफत रूपांतर-साधनही आहे. अगदीच अडले तर ‘डीएक्सएफ’ हा देवाणघेवाणीसाठीचा फॉर्मॅट आहे. ‘रेव्हिट’ या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र अधिक जपावे लागते. त्यात फाइल जुन्या आवृत्तीसाठी सेव्ह करण्याची सोयच नाही. त्यामुळे रेव्हिटवरच्या प्रकल्पात सर्वांनी एकच आवृत्ती वापरायची आणि मधेच ती वाढवायची नाही, हे आधीच ठरवावे लागते.

शेवटी, डीडब्ल्यूजीसोबत नेहमी पीडीएफ पाठवावी. पीडीएफमध्ये नकाशा पाठवणाऱ्याला जसा दिसतो तसाच घेणाऱ्याला दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की काय गायब झाले ते लगेच कळते.

रहिवाशांनी काय मागावे, काय तपासावे?

रहिवाशांना ऑटोकॅड शिकायची गरज नाही. पण काही गोष्टी मागता येतात.

नकाशा पीडीएफमध्ये आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला नकाशा आकाराने लहान होतो आणि बारीक आकडे पुसट होतात. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत तारीख, सुधारणेचा क्रमांक आणि वास्तुविशारदाची सही आहे का, ते पाहावे. सभेत दाखवलेला, करारनाम्याला जोडलेला आणि महापालिकेने मंजूर केलेला नकाशा यांचे क्रमांक जुळतात का, हे विचारावे. न जुळल्यास कोणता फरक आहे ते लेखी मागावे.

आपल्या घराची लांबी-रुंदी नकाशावरून वहीत लिहून स्वतः गुणाकार करावा. चौरस मीटरला १०.७६४ने गुणले की चौरस फूट मिळतात. उत्तर करारातल्या आकड्याशी जुळले पाहिजे. ‘चटई क्षेत्र’ या शब्दाचा अर्थही पाहावा. रेरा कायद्यातील व्याख्येत आतल्या भिंतींची जागा धरली जाते; बाहेरच्या भिंती, डक्ट आणि स्वतंत्र बाल्कनी धरली जात नाही. एका नकाशातला आकडा आतल्या भिंतींसह आणि दुसऱ्यातला त्यांच्याशिवाय असेल, तर दोन्ही बरोबर असूनही जुळणार नाहीत.

सोसायटीने करारनाम्यातच एक कलम घालून घ्यावे : काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे केलेले सर्व नकाशे डीडब्ल्यूजी आणि पीडीएफ या दोन्ही रूपांत, जोडलेल्या फाइली व फाँटसह सोसायटीला द्यायचे. रेरा कायद्याच्या कलम १७नुसार आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे घरधारकांच्या संस्थेकडे सोपवणे प्रवर्तकावर बंधनकारक आहे. पण फाइली कोणत्या रूपात हव्यात, हे सोसायटीनेच सांगायचे असते. केवळ छापील संच मिळाला तर पुढच्या दुरुस्तीत पुन्हा मोजणीपासून सुरुवात करावी लागते.

या फाइली किती वर्षे जपायच्या?

इमारत उभी आहे तोवर. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३बनुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. २०२५मध्ये ताबा मिळालेल्या इमारतीला ही तपासणी २०५५च्या आसपास लागेल. तेव्हा अभियंत्याला खांब कुठे, तुळई किती, पाण्याची वाहिनी कुठून गेली, हे पाहायला नकाशे लागतील.

मागे वळून पाहिले तर अंदाज येतो. १९९५मध्ये संगणकावर काढलेला ऑटोकॅडचा नकाशा आजचे ऑटोकॅड उघडू शकते. अडचण वेगळीच असते : तो ज्या फ्लॉपीवर होता ती वाचणारे यंत्र सापडत नाही, फ्लॉपी सापडली तर फाँट नसतो, जोडलेली फाइल दुसऱ्याच फ्लॉपीवर असते. म्हणून सोसायटीने नकाशांच्या निदान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, दर काही वर्षांनी त्या उघडून पाहाव्यात आणि नव्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. दीर्घकाळ जपण्यासाठी ‘पीडीएफ-ए’ हा आंतरराष्ट्रीय मानकाचा प्रकार आहे; त्यात फाँटही फाइलच्या आतच असतात. आणि एक छापील संच सोसायटीच्या कपाटात असावा. त्यावर मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि कोणत्या फाइलवरून तो काढला त्या फाइलचे नाव लिहिलेले असावे. समिती बदलताना इतर दप्तरासोबत हा संच आणि फाइलींची डिस्क नव्या चिटणीसांकडे सही घेऊन सोपवली, तर २०५५मधल्या अभियंत्याला पुन्हा प्रत्येक खोली मोजत बसावे लागणार नाही.